दाणाभर सरकलेला डोंगर

दसऱ्याच्या सुमारास भात पिवळं पडायला लागलं की आमच्याकडची हवा दोन मनांची होते. सकाळी लख्ख ऊन, शेतावर चतुरांचे थवे, बांधावर बसून विळ्याला धार लावणारा कुणीतरी. आणि दुपारी तीन वाजले की माथेरानच्या मागून काळं काहीतरी वर सरकायला लागतं. परतीचा पाऊस. हा पाऊस कुणालाच नको असतो. आल्या पाहुण्याला दारातूनच पाणी देऊन वाटेला लावावं, तसं सगळे त्याच्याकडे बघतात.

यंदाही तो आलाय. दहिवलीतल्या माझ्या कामाच्या जागेसमोरचं शेत काल कापून झालं. भात आडवं पडलंय आणि नवरा-बायको दर दहा मिनिटांनी वर मान करून बघताहेत. मी वर बघत नाही. मी फोनकडे बघते. तीन वर्षं झाली, तरी या आठवड्यात फोन वाजला की माझ्या हातातलं प्लास्टर तसंच राहतं आणि घट्ट होऊन जातं.

मी शिल्पं करते. मुंबईत शिकत होते तेव्हा एक मास्तर म्हणायचे, कॅमेरा तरी धर नाहीतर माती तरी धर, दोन्ही धरशील तर दोन्ही सुटेल. मला दोन्ही धरावं लागलं, कारण फोटोला पाठ नसते आणि प्लास्टरला दिवस नसतो. फोटोतल्या माणसाच्या मागे जाऊन उभं राहता येत नाही. प्लास्टरचा डोंगर वैशाखातला की श्रावणातला, कळत नाही. म्हणून मी आकार घडवते, आणि त्याच वस्तूचे फोटो पातळ कागदावर छापून, पिठाच्या खळीत भिजवून, त्या आकारावर कातडीसारखे बसवते. प्रत्येक खोलगटाला त्याची सावली, प्रत्येक उंचवट्याला त्याचं गवत. भिजलेला कागद बोटांखाली जागेवर बसतो तेव्हा एक बारीकसा 'चप्' आवाज होतो. त्या आवाजासाठी मी वर्षानुवर्षं काम केलं आहे असं म्हटलं तरी चालेल.

त्या वर्षी मी डोंगर करत होते. खालापूर तालुक्यात, चौक गावाकडून आत गेलं की एक चढण लागते. पाऊण तास चढलं की डोंगराच्या उतरणीवर वरची वाडी. चौदा घरं, सगळी ठाकर आदिवासींची. घरांच्या मागे खळं, खळ्यामागे दगडी बांध, बांधाच्या वर पायऱ्या-पायऱ्यांची भाताची छोटी खाचरं, त्यांच्यावर एक थोरला आंबा, मग गवत आणि मग कातळ. हा सगळा उतार मी माझ्या मोठ्या टेबलावर घडवला होता. एकाच साच्यातून चार डोंगर ओतले होते. एकावर वैशाख बसवायचा, एकावर आषाढ, एकावर आश्विन, एकावर पौष. मुंबईत प्रदर्शन ठरलं होतं.

फोटो दर वेळी त्याच जागेवरून यायला हवेत, म्हणून वाडीच्या पाण्याच्या टाकीजवळच्या सपाट कातळात मी छिन्नीने तीन खळगे पाडले होते. कॅमेऱ्याच्या स्टँडचे तीन पाय त्यात बसायचे. एक बोटभरही फरक पडायचा नाही. धाऊबाबा तेव्हा शेजारी बसून विडी ओढत होते. वाडीतलं सगळ्यात म्हातारं माणूस. म्हणाले, "आमचा डोंगर काय लग्नाचा हाय का गं, सारका सारका फोटू काढायला?"

त्यांची सून चांगुणा हसली होती. तिशीची, काटक, कमी बोलणारी. तिचा नवरा पनवेलकडे वखारीत कामाला, आठवड्याने घरी यायचा. मी गेले की चांगुणा मला कोरा चहा द्यायची आणि माझ्या कॅमेऱ्यातून एकदा तरी डोळा लावून बघायची. स्वतःचं घर तिला त्यातून बघायला आवडायचं. म्हणायची, "हितून किती नीट दिसतंय. आत गेलं की तसं नाय वाटत."

आश्विनातले फोटो काढून आणले त्याच्या तिसऱ्या दिवशीची ही गोष्ट. दुपार होती. माझी कामाची जागा म्हणजे एक बंद पडलेली भातगिरणी. पत्रे तापले की तिथे अजून कोंड्याचा वास सुटतो. मी कागद भिजवला आणि डोंगरावर बसवायला घेतला. वरचा कातळ बसला. खाली घरं बसली, अगदी कौल न् कौल. मधला भाग बसेना. आंब्याचा बुंधा त्याच्या उंचवट्यावर येत नव्हता, खाली येत होता. फार नाही. तांदळाच्या दाण्याएवढा.

माझी पहिली शंका माझ्या हातांवर. ओला कागद ताणला जातो. मी तो सोलून काढला, नवा छापला, कमी भिजवला. पुन्हा तेच. कातळ जागेवर, घरं जागेवर, आंबा आणि खाचरं दाणाभर खाली. मग मी वैशाखातला फोटो आणि आश्विनातला फोटो एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. उजेड मागून आला. कातळावर कातळ, घरावर घर. आणि मधे आंब्याला दोन बुंधे.

माझा डोंगर खऱ्या डोंगराच्या शंभराव्या हिश्शाचा होता. म्हणजे दाणाभर इथे, तर तिथे हातभर. काचेवरचा कागद धरलेला माझा अंगठा पांढरा पडला होता, हे मला आठवतं. आमच्या भागात डोंगर खाली येणं म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

संध्याकाळपर्यंत मी भिसेगावात वडिलांकडे पोहोचले. माझे वडील रेल्वेत घाटात गँगमन होते. पावसाळ्यात रुळावरून गस्त घालायची, दरडीकडे बघत चालायचं, यात त्यांची उमर गेली. त्यांना माझी शिल्पं कधी कळली नाहीत. विहारातल्या कार्यक्रमात कुणी विचारलं तर "ती फोटोंचं काहीतरी करते" एवढंच सांगायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी दोन्ही फोटो घेतले, चष्मा पुसला आणि दिव्याखाली उभे राहिले.

"झाड कुठं कललंय? खाली का वर?"

मी हे पाहिलंच नव्हतं. "वर. डोंगराकडे."

"मग बूड सरकतंय," ते म्हणाले. "जमीन बसती झाली की झाड असं पाठीवर रेलतं." फोटो माझ्या हातात दिले. "दगड पडल्यावर सगळ्यांनाच दिसतो, सुजाता. पडायच्या आधी बघायचं म्हणून आमाला ठेवलेलं. तू हे घरात बसून बघत राहू नको. उद्या वर जा. वरच्या अंगाला गवतात भेग असल, ती शोध. भेगेच्या दोन्ही बाजूंना दोन खुंट्या ठोक आणि मधे घट्ट बसेल अशी बांबूची काठी काप. काठी सैल झाली की समजायचं."

"काय समजायचं?"

"की वेळ थोडा हाय."

दुसऱ्या दिवशी चांगुणा विळा घेऊन माझ्यासोबत आंब्याच्या वर चढली. गवत कमरेएवढं. ती कापत पुढे, मी मागे. आंब्यापासून वीसेक पावलांवर तिचा पाय अचानक खाली गेला. तिने गवत बाजूला केलं. जमिनीत एक लांब ओठ उघडला होता. खालची बाजू वरच्यापेक्षा बसलेली. मी आत हात घातला. कोपरापर्यंत गेला. आतली हवा गार होती.

धाऊबाबांना बोलावलं. ते काठी टेकत आले, भेगेकडे पाहिलं, थुंकले. "जमीन तडकतीच उन्हात."

"आता ऊन हाय का, बाबा?" चांगुणा म्हणाली. "अन् खळ्याच्या मागचा बांध यंदा दोनदा पोट काढून फुटला. दोनदा तुमीच रचला."

"पावसानं फुटला."

"दर साली पाऊस पडतो."

बाबांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "तुझा क्यामेरा हलला असल."

मी कातळातल्या खळग्यांची आठवण करून दिली.

"मग कातळ हलला असल." आणि मग आवाज खाली आणून, जरा समजुतीने, "हे बघ पोरी. तुला हलल्याला डोंगर पायजे, तर हलला म्हण. आमचं भात उभं हाय. चार दिसात कापायचं. माझा बाप हितं ऱ्हायला, मी हितं म्हातारा झालो. ह्यो डोंगर आमाला वळखतो."

मी ऐनाच्या लाकडाच्या दोन खुंट्या ठोकल्या. बांबूची काठी कापली, दोन्ही खुंट्यांच्या मधे दाबून बसवली. चांगुणाने ती ओढून पाहिली. हलली नाही. वाडीत फोन लागायचा तो फक्त टाकीपाशी. रोज सकाळी काठी बघून तिथून मला फोन करायचं तिने कबूल केलं.

तालुक्याच्या कार्यालयात मी अर्ज दिला. तिथल्या बाईंनी फोटो नीट पाहिले, शिक्का मारला, आणि म्हणाल्या, पाहणीला माणूस येईल, पण सणाच्या सुट्ट्या आहेत, पाच-सहा दिवस धरा. त्यांचं काही चुकत नव्हतं. वेळापत्रक कोणाचं कुणाला माहीत नव्हतं, तर ते डोंगराचं.

पहिल्या सकाळी चांगुणाचा फोन आला. "घट्ट हाय."

दुसऱ्या सकाळी, "घट्ट हाय. आज कापणी धरली."

त्या दिवसांत मी काहीच केलं नाही. साचे पडून होते, प्रदर्शनाचे फोन येत होते. बाहेर सगळीकडे कापणीचा हंगाम पेटला होता. कर्जतच्या बाजारात विळे, ताडपत्र्या, सुतळीच्या गुंड्या. हवेत ओल्या पेंढ्याचा गोडसर वास. एरवी या वासाने मला भूक लागते. तेव्हा मी आणलेला डबा न उघडताच परत न्यायचे.

तिसऱ्या सकाळी फोन उशिरा आला. "हात लावला की हलतीय," ती म्हणाली. मागे कुणीतरी भारा बांधताना हाक मारत होतं, तिने त्याला ओ दिली नाही.

चौथ्या सकाळी आकाश सकाळीच दाटलं होतं. फोन वाजला.

"ताई, काठी खाली पडलीय."

मी वाडीवर पोहोचले तेव्हा सगळी माणसं खळ्यावर जमली होती. अर्धं भात कापून खळ्यावर रचलेलं, अर्धं आडवं. मी फोटो दाखवले, भेगेबद्दल सांगितलं, काठीबद्दल सांगितलं. खाली, रस्त्याजवळ शाळेच्या दोन खोल्या सुट्टीमुळे रिकाम्या होत्या. गुरुजींशी मी बोलले होते. पाऊस ओसरेपर्यंत सगळ्यांनी खाली चलावं.

"आनि भात?" एक बाई म्हणाली. तिने कुणालाही न विचारता सगळ्यांचा प्रश्न विचारला होता. "माणसं खाली अन् भात पावसात? मग वर्षभर काय खायचं, फोटू?"

कुणी हसलं नाही.

ते ऐकून माझ्या तोंडून निघून गेलं, की भात माझ्या गिरणीत ठेवा. कोरडी जागा आहे, पत्रा मजबूत आहे. मी टेंपो आणते. बोलून गेले आणि मग लक्षात आलं, तिथे माझे चार डोंगर आणि वर्षभराचं काम मांडलेलं आहे.

तरीही कुणी हलेना. धाऊबाबा खळ्याच्या मधोमध उकिडवे बसले होते. ते उठत नव्हते म्हणून कुणीच उठत नव्हतं. ढग आता पार कातळाला टेकले होते.

तेव्हा चांगुणा पुढे झाली. चारचौघांत सासऱ्यासमोर ती कधी मोठ्याने बोललेली मी ऐकली नव्हती. आताही बोलली नाही. तिने डोक्यावर चुंबळ ठेवली, एक भारा उचलला आणि उतरायला लागली. तिच्यामागे तिची जाऊ. मग प्रश्न विचारणारी ती बाई. मग एकेक करत सगळे. म्हातारीकोतारी, कडेवर पोरं, कोंबड्या टोपलीखाली, शेळ्या दाव्याला. पायवाटेवर भाऱ्यांची रांग लागली.

बाबा बसूनच होते. मी त्यांच्याजवळ थांबले. त्यांनी रांगेकडे पाहिलं. दाणे वाटेवर गळत होते.

"अगं ए, भारा आडवा धर! लोंब्या मागं करा! सगळी रास वाटंवर सांडताय की!" कुणी ऐकलं नाही. ते उठले. "काय अक्कल हाय का नाय ह्यांना," असं पुटपुटत, काठी आपटत, एकेकाला भारा कसा धरायचा ते सांगत सांगत ते उतरायला लागले. डोंगराबद्दल एक शब्दही न बोलता ते खाली आले. मी सगळ्यात शेवटी होते. मागे वळून बघायचं धाडस झालं नाही.

टेंपोच्या तीन फेऱ्या झाल्या. गिरणीतून माझे चार डोंगर मी बाहेर काढले, वर ताडपत्री बांधली. पाच वाजता पाऊस आला. दोन दिवस तो थांबला नाही. ताडपत्री फाटली, प्लास्टर फुगलं, कागद सुटून आला, वैशाख आषाढात मिसळला. मी खिडकीतून ते बघत होते आणि माझ्या पाठीमागे चौदा घरांचं भात छतापर्यंत रचलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं.

डोंगर जागच्या जागी होता.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. त्या दोन दिवसांत माझ्या मनात एकदा नाही, अनेकदा आलं, की यावा. आता यावाच. माणसं खाली आहेत, कुणाला काही होणार नाही, येऊन जाऊ दे, म्हणजे मी खोटी पडणार नाही. दुसऱ्याची घरं मोडावीत असं मला वाटत होतं, माझं म्हणणं खरं ठरावं म्हणून. माणूस भल्यासाठी धावत असतानाही आत कुठल्या वाटेने जात असतो, हे मी त्या दिवसांत पाहिलं आणि ते अजून विसरता येत नाही.

शाळेत गेले तर सगळे बाहेर उन्हात उभे. गिरणीत रचलेलं ओलसर भात आतून तापलं होतं. खालच्या भाऱ्यांना मोड आले होते. भाताचा प्रश्न विचारणारी ती बाई सकाळीच गिरणीत जाऊन आली होती, मोड आलेली लोंबी हातात घेऊन उभी होती. तिने ती माझ्यासमोर धरली, मग फेकलीही नाही, पदरात ठेवली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"चला," बाबा म्हणाले, "आपापल्या घरला." आणि काठी घेऊन चढायला लागले. मीही त्यांच्या मागे गेले. माझं तिथे काही काम नव्हतं. पण न जाणं आणखी वाईट दिसलं असतं.

वाडी धुतल्यासारखी स्वच्छ होती. कौलं शाबूत, दारांच्या कड्या तशाच. चांगुणा तडक आंब्याच्या वर गेली आणि हात दोन्ही बाजूंना फाकवून खुंट्यांमधलं अंतर मोजत उभी राहिली. पण बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते घराच्या मागे खळ्यावर गेले. पावसाने खळ्यावरचं सारवण उखडलं होतं. झोडणी करायची तर खळं पुन्हा करायला हवं. त्यांनी हंडा उचलला आणि खळ्याच्या मधोमध पाणी ओतलं.

पन्नास वर्षं त्यांनी हे केलं असेल. खळं करताना पाणी ओतून बघायचं, ते कुठे वाहतं. त्याला खळ्याच्या कडेला असलेल्या जांभळीच्या झाडाकडून बाहेर काढायचं, म्हणजे धान्याखाली ओल राहत नाही. पाणी मधोमध क्षणभर थांबलं. मग ते जांभळीकडे न जाता वळलं आणि सावकाश, एक बारीक जीभ काढत, त्यांच्या घराच्या भिंतीकडे निघालं.

बाबांनी पायाने वाट अडवली. पाणी पायाला वळसा घालून पुढे गेलं. त्यांनी दुसरा हंडा आणला, दुसऱ्या कोपऱ्यात ओतला. तेही तिकडेच. आम्ही सगळे बघत होतो. पाण्याचा आवाज नव्हता. भिंतीला ओल धरायला लागली.

बाबांनी हंडा पालथा ठेवला. भिंतीला हात लावला, जसा आपण तापलेल्या माणसाच्या कपाळाला लावतो. मग म्हणाले, "खाली चला."

"बाबा, भांडीकुंडी?" चांगुणाने विचारलं.

"घ्या. सगळं घ्या. कौलं पन उतरवा."

त्यानंतर कार्यालयातून माणसं आली, त्यांनीही पाहिलं, मापं घेतली. खाली शाळेपलीकडच्या माळावर पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. झोडणी रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर झाली. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. पत्र्याखाली माणसं भाजून निघाली. वाडीतले काही जण म्हणायला लागले, की चला परत, काही होत नाही. धाऊबाबा मात्र डोंगराकडे पाठ करून बसायचे.

आषाढात एका सकाळी, दहाच्या सुमारास, चांगुणाचा फोन आला. ती एकच शब्द बोलली.

"आला."

मी गेले तेव्हा सगळे माळावर उभे होते, मोजून सगळे. वर हिरव्या डोंगरावर लाल-तपकिरी पट्टा पडला होता, कातळापासून पार खालच्या ओढ्यापर्यंत. खळं नव्हतं, आंबा नव्हता, नऊ घरं नव्हती. बायका रडत होत्या. जगल्याचं रडणं आणि गेल्याचं रडणं वेगळं ऐकू येत नाही. ती लोंबीवाली बाई माझ्याजवळ आली, माझा दंड घट्ट धरला आणि तशीच उभी राहिली. मला तेव्हा आनंद झाला नाही. मी खरी ठरले होते आणि मला कुठेतरी जाऊन बसावंसं वाटत होतं.

दोन दिवसांनी मुंबईहून फोन आला. प्रदर्शन भरवणारे गृहस्थ चांगले होते, त्यांनी आधी सगळ्यांची विचारपूस केली. मग म्हणाले, तुमच्याकडे आधीचे फोटो आहेत, साचा आहे; आता पडलेल्या डोंगराचे काढा. आधी आणि नंतर. असं काम कुणीच केलेलं नाही. मला ते पटलं, हे मी लपवत नाही. कॅमेरा घेऊन मी माळावर गेले. टाकीपाशी चढायच्या आधी धाऊबाबांना विचारावं असं वाटलं.

ते पत्र्याच्या सावलीत दोरी वळत होते. माझं सगळं ऐकून घेतलं. "आपल्यातलं मानूस मेलं," ते म्हणाले, "तर त्येला न्हाऊ घालायच्या आदी उघड्या अंगानं चारचौघांत दाखवतीस का?"

मी कॅमेरा पिशवीत ठेवला. ते प्रदर्शन झालं नाही.

पण डोंगर माझ्या हातातून सुटेना. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी जुन्या साच्यातून आणखी एक ओतला, आधीचा, अखंड. तो कोरा, पांढरा टेबलावर पडून होता. कागद बसवावा की नाही ठरत नव्हतं. एका दुपारी चांगुणा बाजाराला आली होती, ती बाबांना घेऊन गिरणीत आली. ते पहिल्यांदाच येत होते. दारात थांबून त्यांनी नाक वर केलं, कोंड्याचा वास घेतला. मग टेबलापाशी आले. बघत राहिले.

"ह्ये आमचं हाय," ते म्हणाले. विचारत नव्हते.

"हो."

त्यांनी हात पुढे केला, मधेच थांबवला. "लावू का?"

"लावा की, बाबा."

त्यांचं बोट कातळावरून खाली उतरलं, आंब्याच्या उंचवट्यावर थांबलं, बाजूला गेलं. खाचरांच्या पायऱ्यांवर आलं. प्लास्टरमध्ये त्या पायऱ्या नखाएवढ्याच होत्या. "ह्ये वरलं लांबट, कोंबडखाचर. हितं रानकोंबड्या यायच्या." बोट खाली. "ही पानथळ. हितं कदी रोप वाळलं नाय." मग म्हणाले, "लिव की."

मी पेन्सिल घेतली आणि कोऱ्या प्लास्टरवर त्यांच्या बोटाच्या मागे मागे लिहायला लागले. कोंबडखाचर. पानथळ. दगडीचं. थोरल्या भावाचं. जानीचं, ती त्यांची वारलेली बायको. माझ्या एवढ्या वर्षांच्या फोटोंत यातलं एकही नाव आलं नव्हतं. ती मी विचारलीच नव्हती. बाबा एकेका पायरीवर थांबत होते, डोळे मिटत होते, नाव सांगत होते. त्यांची पाठ सरळ झाली होती.

सगळ्यात खाली, बांधाला लागून एक बारकासा तुकडा होता. तिथे बोट आलं आणि थांबलं. त्यांनी डोळे मिटले, उघडले. ओठ हलले. "ह्ये... ह्ये..." बोट त्या तुकड्यावर पुन्हा पुन्हा फिरायला लागलं. चेहरा घाबरा झाला. "ह्येचं नाव गेलं बघ माज्या डोक्यातनं. बापानं सांगितलं व्हतं. गेलं कसं?"

चांगुणा मागे, गिरणीच्या खांबाला टेकून उभी होती. "गेलं नाय, बाबा," ती म्हणाली. "त्येला नावच नव्हतं. त्यो तुकडा नवा. मी लगीन होऊन आले त्या सालचा. मीच दगडं काढली त्यातली, दोन उन्हाळं."

बाबांनी तिच्याकडे वळून पाहिलं. मग पुन्हा डोंगराकडे वळले आणि बोट त्या तुकड्यावर घट्ट टेकवलं.

"लिव," ते मला म्हणाले. "चांगुणाचं."